लांब फेकीचा प्रोजेक्टर

आप्पासाहेबांना नाही म्हणता येत नसे. साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर बरीच वर्षं काढली की माणसाचं असं होतं. ठराव कशाचा आहे हे कानावर पडायच्या आत हात वर गेलेला असतो. त्यामुळं पुण्यात, कर्नल हिंदुरावांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटातले चषक बघत असताना कर्नलसाहेबांनी "तुम्ही खेळता का गोल्फ?" असं विचारलं आणि आप्पासाहेबांच्या तोंडून "हो, थोडंफार" निघून गेलं, यात त्यांचा फारसा दोष नव्हता. दोष पुढच्या वाक्यात होता.

"अरे वा! पण तिकडे इंदापूर तालुक्यात गोल्फचं मैदान कुठलं?" कर्नलसाहेब म्हणाले.

"घरीच केलंय," आप्पासाहेब म्हणाले. "पडद्यावर."

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाच्या, युवराजच्या, हातातला पोह्यांचा चमचा बशीवर वाजला.

पडदा अगदीच हवेतला नव्हता. कारखान्याच्या अभ्यासदौऱ्यावर आप्पासाहेब ऑस्ट्रेलियाला गेले होते. तिथल्या एका साखर कारखान्याच्या मॅनेजरनं आपल्या मोटारीच्या शेडमध्ये पडदा लावला होता. पडद्यावर प्रोजेक्टरनं हिरवंगार मैदान दिसायचं, तो गडी अलीकडं उभा राहून काठीनं खरा चेंडू पडद्यावर मारायचा आणि तोच चेंडू पुढं चित्रात उडत जायचा. दौऱ्यातलं ऊस, साखर, मळी हे सगळं आप्पासाहेब विमानातच विसरले. हे तेवढं लक्षात राहिलं होतं, आणि ते नको तिथं बाहेर आलं.

कर्नलसाहेब भलतेच खूश झाले. "मग आम्ही घर बघायला येऊ तेव्हा एक डाव झालाच पाहिजे. मुलीचं स्थळ जमो न जमो, खेळ जमला पाहिजे!" असं म्हणून ते मोठ्यानं हसले. आप्पासाहेबही हसले.

खरं तर स्थळ जमण्यात काही अडचण नव्हती. युवराज आणि कर्नलसाहेबांची राजलक्ष्मी पुण्याच्या शेतकी कॉलेजात एका वर्गात होती आणि बघण्याचा कार्यक्रम होण्याच्या फार आधी दोघांनी एकमेकांना पुरेसं बघून घेतलं होतं. कर्नलसाहेब मूळचे शेतकऱ्याघरचेच. त्यांच्या पत्नी रतनताई "मुलगी मळ्यात राहायला तयार आहे, मग आमचं काय?" असं म्हणून मोकळ्या झालेल्या. राहिलं होतं ते फक्त रीतीप्रमाणं मुलीकडच्यांनी घर बघून जाणं आणि विहिणी-विहिणींची गाठ पडणं.

कारण पुण्याला युवराजच्या आई, बनाबाई, आल्या नव्हत्या. म्हैस व्यायला झाली होती, हे कारण खरं होतं. आप्पासाहेबांनी ते कारण ऐकल्या ऐकल्या मान्य केलं, हेही खरं होतं. बनाबाईंच्या बोलण्यातलं हाय-न्हाय पुण्याच्या दिवाणखान्यात कसं वाजेल, याचा विचार त्यांनी जीपमध्ये बसताना केला होता आणि लगेच दुसरा विचार करायला घेतला होता.

कळंबच्या अलीकडं वस्तीवर परत आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बनाबाई रेडकाला दूध पाजत होत्या.

"काठीनं चेंडू पडद्याला मारायचा?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आन् मग?"

"मग तो लांब जातो."

"पडद्यातनं?"

"चित्रात जातो. खरा खालीच पडतो."

बनाबाईंनी रेडकाचं तोंड पुसलं. "आवं, त्यास्नी सांगा की, येत न्हाय म्हनून. लोकं काय खात्यात व्हय?"

हे इतकं सोपं होतं की आप्पासाहेबांना त्याचा रागच आला.

ट्रॅक्टरची शेड रिकामी केली. तिला आतून पांढरा रंग दिला. युवराजनं पुण्यातून गोल्फची एक जुनी काठी आणि खेळाची सीडी आणली. खेळ कॉम्प्युटरवर चालायचा. आप्पासाहेबांच्या चेंडूचा आणि पडद्यातल्या चेंडूचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो संबंध युवराजनं जोडायचा होता. आप्पांनी काठी फिरवली की त्यानं कोपऱ्यात बसून कळ दाबायची.

"आप्पा, ही फसवणूक आहे," युवराज म्हणाला.

"ऑस्ट्रेलियात मशीन दाबतंय, हितं तू दाब. फरक काय?"

राहिला प्रोजेक्टर. त्याच्यासाठी बापलेक बारामतीला मोहनरावांकडं गेले. मोहनरावांचा धंदा व्हिडिओ प्रोजेक्टर भाड्यानं द्यायचा. जत्रा, गणपती, निवडणूक, वरात असं काहीही असो, तालुक्यात कुठंही पडद्यावर चित्र हललं तर ते मोहनरावांचंच असायचं. त्यांच्या गोडाऊनमध्ये तेव्हा दोन यंत्रं मोकळी होती. एक मुंबईहून आलेलं, सुटकेसएवढं, कंपन्यांच्या बैठकीत लावायचं. दुसरं पलंगाएवढं. त्याला पुढं तीन डोळे होते, तांबडा, हिरवा आणि निळा, आणि ते उचलायला चार माणसं लागायची.

"कशापायी पायजे म्हणायचं?" मोहनरावांनी चहा सांगत विचारलं.

आप्पासाहेबांनी गोडाऊनमध्ये आजूबाजूला बघितलं. एका खुर्चीवर कारखान्याचा सांगवीचा एक सभासद बसला होता. दारात ओळखीचा टेंपोवाला होता. पडद्यावर गोल्फ खेळायचंय, असं इथं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते कारखान्याच्या गेटवर पोचणार होतं.

"कार्यक्रम हाय," ते म्हणाले.

"कसला?"

"मेळावा. शेतकरी मेळावा."

"आप्पा," युवराज हळूच म्हणाला, "खरं सांगा ना."

"गप रं."

"मेळावा व्हय! मग झ्याक," मोहनराव म्हणाले. "पब्लिक किती धरायचं?"

"धरा की... बऱ्यापैकी."

"आन् मैदानात का हॉलात?"

इथं आप्पासाहेबांना एक दार उघडं होतं. पांढरा रंग दिलेली ट्रॅक्टरची शेड म्हणजे ओढूनताणून हॉलच. पण सभासद ऐकत होता. संचालकाचा मेळावा आणि तो हॉलात?

"मैदानात," आप्पासाहेब म्हणाले.

मोहनरावांनी सुटकेसएवढं यंत्र पायानं बाजूला सारलं. "मग ह्ये तुमच्या कामाचं न्हाय. ह्ये खोलीतलं. जवळ ठेवलं तरी भिंतभर चित्र करतंय, पन मैदानात त्येचा जीव न्हाय. तुमी ह्ये न्या. ह्येला लांब फेकीची भिंगं बसवल्यात. मागं, पार मागं ठेवायचं. मधी सगळी पब्लिक. शेवटच्या गड्याला हिरोईनीच्या कानातलं दिसतंय."

त्यांनी गोडाऊनची दारं लावून अंधार केला आणि एका टोकाला यंत्र, दुसऱ्या टोकाला पडदा असा प्रयोग करून दाखवला. एका लग्नाची चित्रफीत होती. नवरीच्या नाकातली नथ ढालीएवढी दिसत होती. आप्पासाहेबांनी पारखायला म्हणून शेवटच्या भिंतीपर्यंत मागं जाऊन बघितलं, कारण प्रोजेक्टर पारखायची हीच एक पद्धत त्यांना ठाऊक होती. दर निवडणुकीत ते असेच मागं जाऊन उभे राहायचे. त्यांच्या शेडमध्ये शेवटचा माणूस आणि पहिला माणूस एकच असणार होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. युवराजच्या आलं होतं. पण त्याला गप बसायला सांगितलं होतं, आणि तो रुसून खरोखरच गप बसला.

वस्तीवर यंत्र शेडमध्ये ठेवून चालू केलं, तर चित्र टॉवेलाएवढं पडलं, तेही पुसट. मागं भिंतीपर्यंत सरकवलं. चित्र दारावरच्या पडद्याएवढं झालं. गोल्फचं मैदान परसातल्या मेथीच्या वाफ्यासारखं दिसू लागलं.

"मागं घ्या," आप्पासाहेब म्हणाले.

"मागं भित हाय," बिरू म्हणाला. बिरू हा त्यांच्याकडचा जुना गडी.

"भितीच्या मागं घ्या."

शेडला समोर मोठं दार होतं, ट्रॅक्टर आत-बाहेर करायचं. पडदा दारासमोरच्या आतल्या भिंतीला हलवून यंत्र त्या दारातून बाहेर काढलं. अंगणात आणलं. तरी चित्र पुरेना. शेवटी सगळं अंगण ओलांडून यंत्र गोठ्याच्या दाराशी टेकलं तेव्हा पडदा भरला आणि मैदान मैदानासारखं दिसायला लागलं. बिरूनं यंत्रावर ताडपत्रीचं छप्पर केलं. म्हशी नाराज झाल्या, पण त्यांना विचारतो कोण.

मोहनरावांना फोन करून यंत्र बदलून घ्यायला अजून वेळ होता. पण मग मेळावा हॉलात आहे असं सांगावं लागलं असतं, नाहीतर खरं. आप्पासाहेबांनी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला.

पाहुणे शनिवारी दिवेलागणीला येणार होते. अंधार पडल्याशिवाय चित्र दिसत नाही, म्हणून वेळ मुद्दाम तशीच दिलेली. बेत असा होता की तोवर बनाबाई धारा काढून, आवरून, नवं लुगडं नेसून ओसरीत बसतील. पण बिरूला आप्पासाहेबांनी पांढरी टोपी घालून पडद्यापाशी उभं केलं होतं. खाली पडलेले चेंडू गोळा करायला माणूस लागतो, असं त्यांनी ऑस्ट्रेलियात पाहिलं होतं. म्हणजे म्हशी आणायच्या, शेण भरायचं आणि धारा काढायच्या, हे सगळं बनाबाईंवर आलं. शिवाय पाहुणा लष्करातला. तो दिलेल्या वेळेच्या जरा आधीच आला.

"मंडळी आवरतायत आत," आप्पासाहेब दारातच म्हणाले. मंडळी तेव्हा ओढ्याकडून म्हशी घेऊन येत होत्या. "तवर आपण आधी खेळ बघू. मग चहापाणी."

कर्नलसाहेब, रतनताई आणि राजलक्ष्मी शेडमध्ये खुर्च्यांवर बसले. युवराज कॉम्प्युटरमागं. बिरू पडद्यापाशी टोपी सावरत. अंधार पडत आला होता. अंगणापलीकडं तीन डोळे पेटले आणि आतल्या भिंतीवर हिरवं मैदान, निळं आभाळ आणि एक तळं उगवलं.

"क्या बात है," कर्नलसाहेब म्हणाले. त्यांना खरंच आवडलं होतं.

आप्पासाहेब काठी घेऊन पुढं झाले, तशी त्यांची सावली मैदानाच्या मधोमध उभी राहिली. जिथं चेंडू मारायचा नेमकी तिथंच. त्यांनी डावीकडं सरकून बघितलं, सावली डावीकडं. उजवीकडं, तर उजवीकडं. राजलक्ष्मीनं ओढणी तोंडाला लावली.

"असू दे, असू दे," कर्नलसाहेब म्हणाले. "मारा!"

आप्पासाहेबांनी काठी उगारली आणि तेवढ्यात मैदानावर एक म्हैस आली. म्हणजे म्हशीची सावली. शिंगं आभाळाला लागलेली. तिच्यामागं दुसरी. गोठ्याला जायची वाट यंत्राच्या समोरून होती आणि यंत्र त्या वाटेवर कुणी ठेवलं, हे म्हशींना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"मैदानावर म्हशी!" कर्नलसाहेब मनापासून हसले. "आमच्याकडे एकदा उंट आला होता."

आप्पासाहेबही हसले. एवढ्यावर निभावलं असतं. पण म्हशींच्या मागून बाई आली.

लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, डोक्यावर शेणाची पाटी, एक हात पाटीला आणि एक हात कमरेवर. यंत्राला तीन डोळे, त्यामुळं सावल्याही तीन पडल्या, तीन रंगांच्या, एकमेकींत मिसळलेल्या, मधे काळ्याभोर. एका बनाबाईच्या तीन बनाबाई तळ्याच्या काठानं चालल्या होत्या.

"अगंबाई," रतनताई म्हणाल्या, "या कोण हो?"

पडद्यापाशी उभा असलेला बिरू तोंड उघडून म्हणाला, "ती—"

"कुणी न्हाय," आप्पासाहेब घाईनं म्हणाले. "शेणकुराला बाई ठेवलीय." आणि ते तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माणूस एकदा बोलू लागला की आवाज चढतो. त्यांनी दाराकडं तोंड करून हाळी दिली, "ए बाई! बाजूला हो तिकडं! दिसत न्हाय व्हय, पाहुणे बसल्यात?"

सावल्या थांबल्या. पाटी जरा हलली. मग तिन्ही सावल्यांनी मान जराशी वळवली आणि निळ्या आभाळावर बनाबाईंचं नाक, कपाळ आणि कानाजवळची बट लख्ख उमटली. त्या शेडकडं बघत होत्या. उजळ पडद्यापुढच्या माणसांची तोंडं दिसत नाहीत, पण आवाज ओळखू येतो. मग त्या चित्राबाहेर गेल्या.

युवराजचं बोट कळीवर जोरात पडलं आणि पडद्यावरचा चेंडू, आप्पासाहेबांची काठी अजून खांद्यावरच असताना, टुणकन उडून तळ्यात गेला.

"चला," आप्पासाहेब म्हणाले, "चहा घेऊ."

ओसरीत आल्यावर खुर्च्या सरकल्या, पंखा लागला. रतनताईंनी पिशवीतून हळदीकुंकवाची कोयरी आणि खणानारळ काढून मांडीवर ठेवला. आप्पासाहेबांचं लक्ष आतल्या दाराकडं होतं. बनाबाई नवं लुगडं नेसून येतील. सावलीत काष्टा दिसला, तोंड दिसलं, पण सावली ती सावली. पुण्याच्या माणसाला काय कळणार? नवं लुगडं, दागिने, म्हणजे वेगळीच बाई. त्या रात्री रागावतील, बोलतील, बोलून घेतील. पण पाहुणे गेल्यावर.

बनाबाई आल्या त्या तशाच. काष्टा खोचलेला, हात धुतलेले, पायाला चिखल. हातात पाण्याचे पेले ठेवलेली थाळी. दारात येऊन त्या भिंतीला धरून, गडीमाणसं उभी राहतात तशा उभ्या राहिल्या.

"आप्पासाहेब," त्या म्हणाल्या, "पानी."

बाहेर पायरीवर बसलेला बिरू उठून उभा राहिला.

रतनताईंना काही वावगं वाटलं नाही. मालकाला सगळेच आप्पासाहेब म्हणत असणार. पण त्या घरात लग्न होऊन आल्यापासून बनाबाईंनी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. "आवं" म्हणायच्या, "युवराजचं वडील" म्हणायच्या, सरकारी कागदावर अंगठा करताना कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारच्या माणसाकडं बोट करायच्या. हळदीकुंकवाला बायका उखाणा घ्यायला लावायच्या, तेव्हा तेवढं यमकात गुंडाळून, लाजून, पटकन म्हणून टाकायच्या. नवऱ्याचं नाव मोकळ्यानं घ्यायचं ते परक्या बाईनं. आज बनाबाईंनी ते मोकळ्यानं घेतलं, अगदी साध्या आवाजात, गड्यानं घ्यावं तसं.

आप्पासाहेबांनी पेला उचलला. पाणी हातावर सांडलं.

"काय गं, नाव काय तुझं?" रतनताईंनी मायेनं विचारलं.

"बना."

"बरीच वर्षं आहेस वाटतं इथं?"

"लगीन झाल्यापास्नं."

"नवरा काय करतो?"

बनाबाईंनी थाळी काखेत धरली. "त्येचं काय न्हाय, ताई. खेळत आसतो."

"असंच असतं मेलं," रतनताई म्हणाल्या आणि त्यांचा हात बक्षिसीसाठी पर्समध्ये गेला. "बायकांनी राबायचं. बरं, तुझ्या बाईसाहेबांना सांगतेस का, आम्ही वाट बघतोय म्हणून? ओटी भरायची आहे."

"सांगते की," बनाबाई म्हणाल्या. त्या हलल्या नाहीत. "बोलावू का, आप्पासाहेब?"

दुसऱ्यांदा.

आप्पासाहेबांनी वार्षिक सभा गाजवल्या होत्या. भावावरून खुर्च्या फेकल्या जात असताना ते माईक धरून उभे राहिले होते. आता त्यांनी पेला नुसता या हातातून त्या हातात घेतला. मंडळी माहेरी गेली, असं सांगता आलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंसुद्धा. बनाबाई त्यांच्याकडं बघत होत्या, आणि त्या हेही वाक्य ऐकून घेतील, थाळी घेऊन आत जातील, धारा काढायला बसतील, हे त्यांना दिसलं. मग हे लग्न लागेल. अक्षता पडतील तेव्हा वराची आई म्हणून कुणाला उभं करायचं?

"ही आमची मंडळी," ते म्हणाले.

"कुठं आहेत?" रतनताईंनी मागं वळून बघितलं.

"हीच. युवराजची आई हीच." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मघाशीची पण हीच."

रतनताईंचा पर्समधला हात पर्समध्येच राहिला. कर्नलसाहेबांनी कप खाली ठेवला. राजलक्ष्मीनं युवराजकडं बघितलं, युवराजनं जमिनीकडं. बनाबाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी काष्टा सोडून सारखा केला.

"बसा, ताई," त्या रतनताईंना म्हणाल्या. "लुगडं बदलून येते. मघाशी गडीमानूस होते, म्हनून न्हाय बदललं."

त्या बदलून आल्या. त्या दोघी पाटावर समोरासमोर बसल्या. रतनताईंनी हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, वाकून नमस्कारही केला, आणि "मी तुम्हाला अगंतुगं केलं हो" असं इतक्यांदा म्हणाल्या की शेवटी बनाबाईंनीच त्यांचा हात धरला. काहीतरी हलकंफुलकं बोलावं म्हणून रतनताई म्हणाल्या, "नाव घ्या ना आता. रीत असते."

"दोनदा घेतलं की मघाशी," बनाबाई म्हणाल्या. "आजच्याला बास झालं."

जेवणं झाली. पुरणपोळी चांगली झाली होती, हे सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं. निघताना कर्नलसाहेब अंगणात आप्पासाहेबांच्या शेजारी उभे राहिले. तीन डोळ्यांचं यंत्र ताडपत्रीखाली विझून बसलं होतं.

"मला येत न्हाय गोल्फ," आप्पासाहेब म्हणाले.

"ते कळलं हो. काठी उलटी धरली होती तुम्ही," कर्नलसाहेब म्हणाले. "त्याचं काही नाही. माणूस बोलून जातो." मग ते काहीतरी आणखी बोलणार होते, पण बुटाची नाडी बांधायला वाकले आणि वर येईपर्यंत त्यांनी ते बोलायचं सोडून दिलं होतं. "कळवतो," एवढंच म्हणाले.

त्या रात्री बनाबाई बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलल्या, ते नेहमीसारखं. "आवं, खताची गाडी आलीय." "आवं, जेवता नव्हं?" आप्पासाहेबांनी पोटभर शिव्यांची तयारी केली होती. त्या आल्या असत्या तर कुठंतरी हिशेब मिटला असता. "आवं" ऐकलं की मात्र त्यांना त्या दोन हाकाच आठवायच्या, आणि घास तोंडात फिरायचा. युवराज त्यांच्याशी बोलतच नव्हता. बिरू बोलायचा, पण डोळ्याला डोळा न देता.

बारामतीला मोहनरावांची गाठ पडली.

"काय म्हंतोय मेळावा?" त्यांनी रस्त्यातच विचारलं. "चित्र दिसलं का समद्यास्नी?"

"दिसलं," आप्पासाहेब म्हणाले.

"मागच्याला पन?"

"मागच्याला जरा जास्तच."

"मग! म्या सांगितलं न्हवतं?"

पुण्याहून काही कळेना. आप्पासाहेब फोनपाशी बसून राहायचे. फोन त्यांच्याच नावावर होता, बैठकीच्या खोलीत, त्यांच्याच फोटोखाली. एका दुपारी तो वाजला. आप्पासाहेबांनी पहिल्या घंटीला उचलला.

"मी रतन बोलतेय," पलीकडून आवाज आला. "जरा ताईंना देता का?"

"सांगा की, मी सांगतो तिला."

"नाही," रतनताई अतिशय सभ्यपणानं म्हणाल्या. "त्यांनाच द्या."

त्यांनी बनाबाईंना हाक मारली. बनाबाई पदराला हात पुसत आल्या, रिसीव्हर कानाला धरला आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"व्हय, ताई... न्हाय, कसला त्रास... व्हय... ते मी कसं सांगू? पोरीला इचारा... आसं म्हनली व्हय?" बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हायत की. हितंच हुबं हायत... न्हाय, तसं काय न्हाय. मी हाय ना हितं."

त्यांनी फोन ठेवला आणि आत निघून गेल्या. आप्पासाहेब तिथंच उभे. काय झालं, असं विचारायचं होतं, पण कुठल्या तोंडानं विचारायचं ते ठरेना. स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज आला. मागच्या दारानं बनाबाईंनी युवराजला हाक मारली, मग बिरूला, मग शेजारच्या वस्तीवरच्या म्हाळसाबाईंना. अंगणातून युवराजचं हसणं ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी.

आप्पासाहेब बाहेर आले. बनाबाई साखरेची वाटी घेऊन उभ्या होत्या आणि ज्याच्या त्याच्या हातावर चिमूट चिमूट ठेवत होत्या. युवराज झाला, म्हाळसाबाई झाल्या. बिरूनं साखर तोंडात टाकून धोतराला हात पुसला. आप्पासाहेब कारखान्याच्या कुठल्याही कार्यक्रमात कधी रांगेत उभे राहिले नव्हते. ते बिरूच्या मागं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला.

बनाबाईंनी वाटीत बघितलं, मग त्यांच्या हाताकडं.

"नीट धरा," त्या म्हणाल्या. "सांडल."